नुसतं बघायचं

स्नेझिना त्सोलोवाने विदिन शहरातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात बारा वर्षं मुद्रितं तपासली. पेपर बंद पडला तेव्हा तिने चौतिसाव्या वर्षी सोफियाच्या विद्यापीठात माध्यम-अभ्यासाच्या पीएच.डी.ला नाव घातलं. विषयही स्वतःच नेला होता: गावाकडचे पेपर मेल्यावर लोकांना गावची खबर कोण देतं?

तिच्या मार्गदर्शक प्रोफेसर गांचेवा मॅडमनी विषयाचा कागद चष्म्यावरून वाचला आणि बाजूला सारला. "मेलेल्या पेपरांवर आता कोण छापणार? सगळीकडे एकच विषय चाललाय. फोनवरच्या बंद गटांत खोट्या बातम्या कशा फिरतात. अडचण एवढीच की तिथे परक्याला शिरू देत नाहीत. तुला देतील. तोंड उघडलंस की विदिनच्या बाजूचा हेल ऐकू येतो तुझा."

तो हेल घालवायला स्नेझिनाने कितीतरी खटपट केली होती. आता तोच कामाला आला. दोल्ना लिपा नावाच्या डॅन्यूबकाठच्या गावात ती आठ दिवस जात राहिली, घरोघर फिरली आणि व्हायबर या फोनवरच्या अॅपमधल्या गावच्या गटातल्या एकशे बारा जणांच्या सह्या मिळवल्या. संशोधनाची अट एकच होती: ती गटात असेल, पण उत्तर द्यायचं नाही, मत द्यायचं नाही, साधा हसरा चेहरासुद्धा टाकायचा नाही. नुसतं बघायचं.

त्या आठ दिवसांत तिचा मुक्काम शेजारच्या गावात तिंका मारिनोव्हाकडे होता. तिंकामावशी म्हणजे शहरातल्या डॉक्टरच्या वतीने पांढरी व्हॅन घेऊन आठ गावं फिरणारी नर्स. वय अठ्ठावन्न, एकटी, आवाज मोठा. स्नेझिनाला तिसऱ्या दिवशी ताप चढला, तर मावशीने तिला लोकरी पांघरुणात गुंडाळून लिंडेनच्या फुलांचा चहा पाजला, वर शिव्याही दिल्या. "शहरातली माणसं! भोपळ्याची बानित्सा खा म्हटलं तर चवीपुरती खातात, आणि आजारी पडतात पोटभर!" तिचा फोन बटणांचा होता. ती गटात नव्हती, त्यामुळे तिच्या सहीची कुणाला गरज वाटली नाही.

वर्षभर गटात कोबीच्या लोणच्याची पिंपं, हरवलेल्या शेळ्या, वीज गेल्याची बोंब आणि वाढदिवसाची गुलाबं यापलीकडे काही आलं नाही. स्नेझिना सोफियातल्या आपल्या खोलीत बसून एकेक संदेश रकान्यात भरत राहिली. मॅडम वैतागायला लागल्या होत्या.

मग ऑक्टोबरातल्या एका सोमवारी गटात एक आवाजी संदेश येऊन पडला. कुणी अनोळखी बाई रडत सांगत होती, की लस टोचायच्या निमित्ताने नर्स घरात शिरतात, गरिबांच्या मुलांची नावं लिहून नेतात आणि महिन्याभरात गाडी येऊन ती मुलं परदेशात विकायला नेते.

स्नेझिना खुर्चीवरून उठलीच. पहिल्यांदा तिला आनंद झाला. हे तिने पुढे कुणापासून लपवलं नाही. अफवा जन्मताना हाती लागली होती. तिने वेळ लिहून घेतली, किती जणांनी ऐकली ते मोजलं आणि मॅडमना कळवलं. मॅडमनी उद्गारचिन्हांची रांगच पाठवली.

मंगळवारी गटात लिल्याना नावाच्या बाईने एक फोटो टाकला. तिंकामावशीची व्हॅन, गाडीचा नंबर स्पष्ट दिसेल असा. खाली लिहिलं होतं, "ही माझ्या फिलिपचं नाव विचारून गेली. वहीत लिहून घेतलं."

"माझ्याही नातीचं घेतलं."

"गुरुवारी येणार आहे ना? येऊ दे."

 स्नेझिनाने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी या बाईंच्या घरी राहिलेय. दर वर्षी येतात त्या, नावं लिहायलाच लागतात. मला फक्त एक ओळ लिहू द्या."

"एक ओळ लिहिलीस की पुढचं सगळं तुझ्या ओळीमुळे झालेलं असेल. वर्षाचं काम पाण्यात जाईल."

"त्यांना काही झालं तर?"

"लोक फोनवर बोलतात गं भरमसाट. विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे परवानगीसाठी अर्ज कर. पुढच्या मंगळवारी बैठक आहे."

"त्या गुरुवारी जाणार आहेत गावात!"

"स्नेझिना, तू तिथली नर्स नाहीस आणि पोलीसही नाहीस. तू संशोधक आहेस." फोन बंद झाला.

तिने अर्ज केला, "तातडीचे" असं ठळक लिहून. मग गावच्या मेयरला फोन लावला. तो बराच वेळ घसा खाकरत राहिला. "बघा बाई, मी मध्ये पडलो तर उद्या म्हणतील, याचाही वाटा आहे. निवडणूक तोंडावर आलीये." पोलीस चौकीवरच्या माणसाने विचारलं, गुन्हा घडलाय का? नाही ना? मग घडला की कळवा.

शेवटी तिने तिंकामावशीला गाठलं. मावशी खो खो हसली.

"मी मुलं विकते? अगं, यातली निम्मी माझ्या हातांवर जन्मलीयेत. विकायची असती तर तेव्हाच नसती का विकली, वजनाने हलकी होती!"

"मावशी, हसू नका. पाया पडते, या आठवड्यात जाऊ नका."

"गोवराच्या लसी आल्यात बर्फाच्या पेटीतून, सोळा मुलांच्या. परत पाठवल्या तर पुन्हा कधी मिळतील कोण जाणे." मग आवाज जरा उतरला. "मला ओळखतात गं ती माणसं."

बुधवारी दुपारी गटात कुणीतरी विचारलं, कुऱ्हाडी आणायच्या का? त्यावर हसरे चेहरे आले, सत्तावीस. स्नेझिनाने ते मोजले, आणि आपण हेही मोजतोय हे लक्षात आल्यावर तिने रकान्यांचा तक्ता बंद केला. मग तिने गटात लिहिलं: "मी स्नेझिना. हे खोटं आहे. तिंकामावशी तीस वर्षं हेच काम करतायत. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. कृपा करून थांबा."

 धडाधड उत्तरं यायला लागली.

"ही कोण?"

"ती सह्या घेऊन गेलेली सोफियाची बया!"

"म्हणजे वर्षभर आपलं ऐकत बसलीये? हीच यादी देत असणार!"

दोन मिनिटांत तिला गटातून काढून टाकलं. तिच्या एका ओळीने अफवेला पुरावा मिळाला होता.

तिने मावशीला पुन्हा पुन्हा फोन लावला, मावशीने उचलला नाही. पहाटेच्या पहिल्या बसने ती निघाली. विदिनला उतरून टॅक्सीवाल्याला विनवत दोल्ना लिपात पोहोचली, तोवर अकरा वाजून गेले होते. शाळेसमोर व्हॅन आडवी पडली होती. काचांच्या चुऱ्यात लसींच्या बारक्या बाटल्या विखुरल्या होत्या. पोलीस आता आले होते आणि लिहून घेत होते. बाया कुंपणाआड उभ्या होत्या, कुणी तिच्याकडे बघेना.

तिंकामावशी इस्पितळात होती. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत मोडला होता. स्नेझिना खाटेशी बसली.

"गेन्चोने मारलं," मावशी छताकडे बघत म्हणाली. "दाईच्या आधी मी पोहोचले होते त्याच्या जन्माच्या वेळी." मग तिने मान वळवली. "तुला सोमवारपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मला मंगळवारी सांगितलंस."

स्नेझिनाने मान खाली घातली. मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं. तेच स्नेझिनाला सहन होईना.

मंगळवारी नीतिसमिती बसली आणि अर्ज निकाली काढला, कारण प्रसंग होऊन गेला होता. मॅडमनी तिला खोलीत बोलावून पाणी दिलं. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांचे डोळेही लाल होते. "तुझ्या ओळीनंतरचं सगळं वगळू. पण सोमवार ते बुधवार... स्नेझिना, असं कुणाकडेच नाहीये. लिस्बनची परिषद आपल्याला मुख्य सत्र देईल."

"त्यात मावशींना काय म्हणायचं?"

"नाव नाही द्यायचं. 'अफवेचं लक्ष्य' म्हणू."

"त्यांची संमती?"

मॅडमनी सह्यांची फाईल चाळली. एकशे बारा सह्या होत्या, त्यात मावशीची नव्हती.

स्नेझिनाने त्या आठवड्यात पीएच.डी. सोडली. तिला वाटलं होतं, निदान तेवढ्याने गोष्ट थांबेल. पण नोंदी विभागाच्या मालकीच्या होत्या. वसंतात मॅडमचा शोधनिबंध आला, तिचं नाव तळटीपेत आभारांमध्ये होतं. ते काढून टाका म्हणून तिने तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. ती विदिनला परतली आणि एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि मृत्यूच्या सूचना तपासायला लागली.

दोल्ना लिपाला दुसरी नर्स यायला तयार होईना. शोधनिबंधानंतरच्या जानेवारीत गावात गोवर आला. एका दुपारी छापखान्यात स्नेझिनाचा फोन वाजला.

"मी लिल्याना. दोल्ना लिपाची." बाई धापा टाकत होती. "फिलिप डोळे उघडत नाहीये. सरकारी गाडी येत नाही, रस्त्यावर बर्फ आहे. तुमचा फोन तिंकामावशी उचलेल ना? आमचा कुणाचाच ती उचलत नाही."

स्नेझिनाला खूप काही बोलायचं होतं. तिने फक्त "थांबा" म्हटलं आणि दोन गल्ल्या पलीकडे, हात मोडल्यापासून मावशी राहत होती त्या भाच्याच्या घरी धावत गेली. उजवा हात नीट जुळलाच नव्हता, मावशी खिडकीशी बसून डाव्या हाताने बटाटे सोलायचा प्रयत्न करत होती. स्नेझिनाने सांगितलं, नावासकट. मावशीने हातातला बटाटा पुरा सोलला, मग सुरी खाली ठेवली.

"दे फोन," ती म्हणाली. "लिल्याना? रडू नकोस, ऐक. ताप किती? श्वास मोज. घड्याळ लाव आणि मोज. गेन्चोचा ट्रॅक्टर आहे ना, त्याला म्हणावं काढ. हो, मी सांगितलंय म्हणावं."

मुलगा वाचला, पण त्याचा डावा कान कायमचा गेला. लिल्यानाने नंतर दोनदा फोन केला. मावशीने उचलला नाही.