गोऱ्या बाईचे डोळे

हमरापूरला आमच्या गणपतीच्या कारखान्यात अंगाला रंग कुणीही मारावा, डोळे मात्र बाबांनीच काढायचे. सकाळी आंघोळ करून, चहासुद्धा न घेता ते बसायचे आणि तेवढा वेळ शेडमधला रेडिओ बंद. कच्च्या मूर्ती बिनरंगाच्याच टेम्पोत चढतात, त्याचं काही नाही. पण एकदा अंगावर रंग चढला की डोळ्यांवाचून मूर्ती उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हा आमच्या घरचा कायदा. आंधळा देव दुसऱ्याकडे पाठवला तर आपल्या घरातली दिवाबत्ती जाते, असं बाबा म्हणायचे. हे सांगताना ते कधी हसले नाहीत.

मी लग्न होऊन रोह्याला गेले. आमच्या आळीत एका मुसलमान व्यापाऱ्याचं जुनं घर. मुलं सगळी गल्फला, तिकडेच रमलेली, म्हणून घरातलं सामान विकायला काढलं. दादा तेव्हा माझ्याकडे आला होता. काय काय निघतंय ते बघू म्हणून आम्ही दोघं गेलो आणि माडीवरच्या भिंतीवर ती बाई दिसली.

जुनं तैलचित्र. सगळा तपकिरी अंधार, त्यातून एका गोऱ्या बाईचा अर्धा चेहरा वर आलेला आणि भुवयांखाली नुसती सावली. डोळे आहेत की नाहीत तेच कळेना. त्यांच्या पणजोबांनी मुंबईत कुणा साहेबाच्या सामानातून ते घेतलं, एवढंच त्या घरच्यांना ठाऊक.

दादाला त्या दिवसांत मोबाइलनं झपाटलं होतं. युरोपातली जुनी चित्रं कुठं माळ्यावर सापडतात, लिलावात कशी चढतात, उठता-बसता तेच. ‘गुंतवणूक गो, गुंतवणूक!’ मला सांगायचा. ‘गणपती दरसाल पाण्यात जातो. हे भिंतीवर ऱ्हातं नि वाढतं.’

‘वाढायला ते काय वांग्याचं रोप हाय?’ मी म्हटलं.

त्यानं ऐकलं असतं तर तो दादा कसला! चित्र घेतलं, आणि कशावर घेतलं ते मला नंतर सांगितलं. कारखान्याची जागा विकून. सातबारा बाबांनी कधीच त्याच्या नावावर करून दिला होता. गणपतीपर्यंत शेड राहू दे, असं जागा घेणारा प्लॉटवाला तोंडी म्हणाला होता. तोवर चित्र विकायचं, हायवेला दुप्पट जागा घ्यायची आणि मग बाबांना सांगायचं, असा त्याचा बेत. माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. ‘आत्ताच्या आत्ता सांग त्यांना,’ मी ओरडले. तो म्हणाला, ‘विकलं गेलं की सांगतो. आधी सांगितलं तर हाय खातील.’

सीझनला हातभार लावायला मी माहेरी गेले, तर शेडच्या मागं लाल रंग फासलेले हद्दीचे दगड पुरलेले. बाबांनी विचारलं, ‘कसले रे दगड?’

‘पाइपलाइनवाल्यांचे,’ दादा म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

चित्र आतल्या खोलीत, कापडाखाली. मुंबईतल्या एका जाणकारानं फोटो पाहून कळवलं होतं, की माल जुना आणि खरा युरोपातला वाटतो, गिऱ्हाईक घेऊन मी स्वतः येतो. फक्त हात लावू नका, धूळसुद्धा पुसू नका. आहे तसं असेल तरच त्याला किंमत. दादानं बाबांना त्यातलं अर्धंच सांगितलं. हात लावू नका म्हणाला, का ते नाही. ‘का’ सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

बाबा जाता-येता कापड वर करायचे. ‘हिचे डोळे उघडायचे ऱ्हायलेत. अशी कुणी घराबाहेर काढली हिला?’

‘ती तशीच असते, बाबा. परदेशी हाय.’

‘परदेशी म्हणून काय आंधळी ऱ्हायची?’ मग आवाज खाली आणून मला म्हणाले, ‘ही बाई आली नि दगड आले गो. चांगलं नाय हे.’

बाबा अगदी खरं बोलत होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

जाणकार यायचा त्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून येत होते. पोरी मातीकामाला बसलेल्या, पण एकीच्याही तोंडून शब्द नाही. रेडिओ बंद होता. त्या आठवड्यात डोळे काढायला आलेली एकही मूर्ती शेडमध्ये नव्हती. मी हंडा तिथंच टाकून आत धावले.

बाबा ब्रश धूत होते. ओले केस, कपाळावर गंध.

‘बाबा, काय केलंत हो!’

‘वार्निश पिवळं पडलेलं, ते पुसून काढलं. मग उघडले.’ ते खुशीत होते. ‘आज जायची ना ती? माझ्या घरातून आंधळी कशी पाठवू गो?’

ती सरळ माझ्याकडे बघत होती. पांढरेशुभ्र डोळे, काळी बुबुळं, त्यात उजेडाचा ठिपका, खालच्या पापणीला बारीक लाल रेघ. आमच्या गणपतीचे डोळे, त्या गोऱ्या तोंडावर. बाबांनी इतके सुंदर डोळे त्याआधी काढलेले मी पाहिले नव्हते.

चित्रावर कापड टाकून दादाला गाठायला मी दारापर्यंत पोचले, तोवर गाडी अंगणात आणि दादा जाणकाराला नि गिऱ्हाइकाला आत घेऊन येत होता. जाणकारानं कापड बाजूला केलं, चष्मा लावला, काढला. ‘कुणी केलं हे?’

‘मी,’ बाबा पुढं झाले. हात पुसत, मान ताठ.

त्या माणसानं कापड होतं तसं टाकलं. चहाला नको म्हणाला. गाडी वळून गेली.

आमचा दादा साधं मीठ कमी पडलं तर ताट भिरकावणारा. आता काय होतंय म्हणून मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. तो कापड काढून त्या बाईसमोर उभा राहिला.

‘भारी काढलेत, बाबा,’ तो म्हणाला.

‘मग न्हेलं का नाय त्यांनी?’

‘परत येतात म्हणाले.’

मी अंगणात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आता गणपती तोंडावर आलेत. शेडच्या मागं जेसीबी येऊन उभा आहे. तो पाइपलाइनवाल्यांचा, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. रोज सकाळी ते चित्र बाहेर आणून शेडच्या दाराशी ठेवतात, गाडी आली तर लांबून दिसावं म्हणून. काल मला म्हणाले, ‘तुमच्या रोह्यात अशा आणखी असतील बघ गो. दादाला म्हणावं, आण. सगळ्यांचे डोळे उघडून देतो.’