चाचा उठले की सारे उठायचे

त्या शिकवणीवाल्या सराची आठवण आली की माझं डोकं आजही तडकतं. मेला हुशार होता, हेच तर दुखणं.

चंद्रपुरात जटपुरा वेशीच्या आतल्या अंगाला, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी नेट कॅफे चालवायची. जुने कॉम्प्युटर, प्लायवूडच्या अर्ध्या भिंती, कीबोर्डवर कायम कोळशाची धूळ. वीज तयार होणार आमच्या उशाशी आणि भरदुपारी लाइट जाणार ती आमचीच, म्हणून एक खडखडता इन्व्हर्टरही होता. पोरं रिझल्ट पाहायला आणि नोकरीचे अर्ज भरायला यायची. चाचा मात्र पत्ते खेळायला यायचे.

चाचा म्हणजे आमच्या गल्लीतले जुने टेलर. शेरवानी असो की लग्नाचा कोट, शिवावा त्यांनीच. दुकानात कारागीर होते तेव्हा चाचा मशीनवरून उठले की सगळे उठून उभे राहत. घरीही तीच रीत. दस्तरखानावर चाचांचं जेवण होईपर्यंत कोणी हात धुवायला जायचं नाही, आणि ते उठले की कोणी बसून राहायचं नाही. मग मोठ्या पोरानं मशिनी विकल्या आणि रेडिमेडचं दुकान टाकलं. चामोर्शीच्या बाजारातही तो गठ्ठे घेऊन जायचा, धंदा जोरात होता. चाचा दुकानात जाऊन बसले की म्हणायचा, "अब्बा, गिऱ्हाइकाले जागा द्या ना."

दुबईतल्या धाकट्यानं सुट्टीत आल्यावर त्यांना माझ्याकडे आणून बसवलं. ऑनलाइन पोकर शिकवला, म्हाताऱ्याचं मन रमेल म्हणून. पैसेही तोच तिकडून भरायचा. पडद्यावर हिरवं टेबल, भोवती सहा खुर्च्या, कुठकुठल्या देशांतली माणसं टोपणनावं घेऊन बसलेली, आणि डाव खऱ्या डॉलरचा. चाचा बसायचे आणि हरायचे. पोकर ते तीन पत्तीसारखा खेळायचे. पत्ता कसाही येवो, मागे हटायचं नाही! मागे हटणं त्यांना शोभत नव्हतं म्हणे.

जेवायची वेळ झाली की ते एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, 'खाना खाके आता हूं, आप लोग खेलो', आणि खेळातून उठायचे. ते उठले की बाकीचेही एकेक करून गायब व्हायचे. मिनिटभरात टेबल ओसाड.

"पाह्यलं का बेटी?" चाचा मला हाक मारायचे. "मी खेळा म्हनून राह्यलो, तरी सारे उठले. गोरे लोक हायेत, पन अदब पाहा त्याइची!"

मला आधी वाटलं, नेटच गेलं असेल. खरा प्रकार सरानं सांगितला. हा सर दोन कॉम्प्युटर सोडून बसायचा. सकाळी दहावीच्या पोरांना गणित शिकवायचा, दुपारी पोकर खेळायचा, आणि जिंकायचा.

"साधी गोष्ट हाय बाई," तो दात काढत म्हणाला. "टेबलवर एक हरनारा लागते. बाकीचे त्याच्याच जिवावर बसतेत. तो उठला का एकमेकांचं काय खातीन? म्हनून चाचा बसले का रांग लागते, आन उठले का टेबल तुटते."

आणि हा शहाणा स्वतःही टोपणनावानं चाचांच्याच टेबलावर बसायचा. वर इंग्रजीत लिहायचा, 'बसा सर, तुम्ही असलात की बरं वाटतं.' मी त्याला झाडला. "मेल्या, तुह्या लग्नाचा कोट त्याइनंच शिवला ना? लाज नाई वाटत?"

"मी नाई बसलो तर दुसरा बसते," एवढं बोलून तो पुन्हा पडद्यात घुसला.

चाचांना मी म्हणून पाहिलं की हे बंद करा, तुम्ही नुसते हरता. ते हसले. "हारजीत तं राह्यतेच बेटी. मानसं चांगली हायेत."

एक दिवस दुकानात मोठा पोरगा गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणाला, "तुमाले आता कोन इचारते?" चाचांना ते फार लागलं. इस्त्रीचा कुडता घालून, पोराचा हात धरून त्याला ते कॅफेत घेऊन आले. "बस इथी. तुह्या बापाले कोन इचारते ते पाह्य."

चाचा टेबलावर बसले. खुर्च्या लगेच भरल्या. थोडे डाव हरून झाले, मग चाचांनी निरोप लिहिला आणि उठले. टेबल रिकामं झालं, एकही टिकला नाही. पोरगा पडद्याजवळ वाकला. "अब्बा, हे तं सारेच उठले," तो म्हणाला. चाचांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, देवा, आता हे इथंच राहू दे.

पण सराला हसू आवरलं नाही. खुर्ची वळवून तो म्हणाला, "चाचा, आता मी उठतो माह्या टेबलवरून. पाहा कोन उठते." तो खेळातून उठला. त्याच्या पडद्यावर दुसरंच टेबल उघडं होतं, त्यावरचे पाचही जण खेळतच राहिले.

"तुह्यी इज्जत नाई म्हनून," चाचा शांतपणे म्हणाले.

मी फस्सकन हसली. सराचे कान लाल झाले आणि मग त्यानं काहीच शिल्लक ठेवलं नाही. "इज्जत? तुमी हरता म्हनून बसतेत ते! बकरा म्हन्तेत तुमाले. आन ते 'बसा सर, बसा सर' लिहिनारा मीच होय."

"खरं हाय का बाई?" पोरानं मला विचारलं. चाचाही माझ्याकडेच पाहत होते. खोटं बोलायला मी तोंड उघडलं, आणि कीबोर्डवरची धूळच पुसायला लागली.

पोरगा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "चला अब्बा, जेवाले चला. बकरा भुकेजला असन," असं म्हणून तो बापाची वाट न पाहता निघूनही गेला. दुकानात जाऊन सगळ्यांना सांगणार, हे त्याच्या चालीवरूनच दिसत होतं.

"उठ! निघ माझ्या कॅफेतून!" मी सरावर ओरडली.

"माहा टाइम बाकी हाय," तो म्हणाला.

चाचा पुन्हा खुर्चीत बसले होते. मी जवळ गेली. "चाचा, घरी जा ना. समजलं ना सगळं?"

"समजलं." त्यांनी चष्मा कुडत्याला पुसला. "पन मी हरतो तोवर बसतेत ना, बेटी? घरी तं माहं जेवन चालूच राह्यते, तरी सारे उठून जातेत."

त्यांनी टेबल उघडलं. खुर्च्या भरभर भरल्या, एक तेवढी राहिली. मागे माउसचा आवाज झाला आणि तीही भरली. टोपणनाव तेच होतं, 'बसा सर' लिहिणाऱ्या सराचं.

चाचांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. एका बोटानं, सावकाश, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'आइए सर, बैठिए.'