लेव्हल मास्तरनं बुजवलेला खड्डा

आमच्या धाकट्याला कुणाच्याही घरी नेऊ नये. माणसं बसा म्हणतात, पाणी पुढे करतात, आणि हा आपला खाली मान घालून उभा. "ही कुणी बसवली?" विचारतो. फरशी हो! मग पायाच्या अंगठ्यानं एक कोपरा दाबून बघतो आणि म्हणतो, "हं." त्या एका "हं"पायी आमची दोन नाती कायमची तुटलीयत. तो म्हणतो मी फुगवून सांगते, एकच तुटलंय.

माझा सख्खा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं फरश्या बसवल्या. धंद्यातले त्याला लेव्हल मास्तर म्हणतात, कारण पाणी भरलेली ती पारदर्शक नळी कायम गळ्यात, डॉक्टर मंडळी ते छाती तपासायचं अडकवतात ना, तश्शी. खिशात एक काचेची गोटी. काम संपलं की बाथरूमच्या मधोमध गोटी सोडायची. ती मुकाट्यानं जाळीकडे गेली तर काम पास. वाटेत थांबली, तर मालक नको नको म्हणत असला तरी हा फरशी उखडायला बसणार. दोन गोष्टींनी त्याच्या कपाळाची शीर उठते, जमिनीत खड्डा आणि छतातून गळती. लग्नात कुणी मंगलाष्टकं चुकवली तरी चालतील, पण मांडवाखाली खड्डा दिसला की याचं लक्ष संपलं.

मग गुडघे गेले. एकतीस वर्षं ज्यांच्यावर रांगला, ते किती दिवस गप्प बसणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजपासून जमिनीवर बसणं बंद. हा म्हणाला, "मग काम कुठे करू?"

"भिंतीच्या टाइल्स लावा की."

"आणि खालच्या तीन ओळी? त्या तुम्ही येऊन लावणार?"

बाईंना हसू आलं. हा घरी बसला. खुर्चीवर बसून समोरच्या फरशीचे सांधे मोजायचा. भावजय शिवणाच्या कारखान्यात जाते, ती संध्याकाळी आली की सांगायचा, "चव्वेचाळीस आहेत." ती बिचारी मला म्हणाली, "वन्सं, कालपण चव्वेचाळीसच होते हो."

त्याची एकुलती एक लेक, आमची ठकू, दुसऱ्या शहरात असते. कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला आहे. बाप जमिनीवर बसवायचा, लेक हिरड्यांवर बसवते, एवढाच काय तो फरक. एकेका दाताला कानस मारत बसते आणि तीही शेवटी "हं" म्हणत असणार, रक्तच ते. पण बापलेकीचं फोनवर बोलणं ऐकाल तर रडाल.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"जेवलो."

"बरं."

"बरं. ठेवतो."

पूर्वीच्या तारेतसुद्धा याच्यापेक्षा जास्त शब्द असायचे.

मागच्या वर्षी ठकू सुट्टीला आली आणि जाताना बापाच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून गेली. तुम्ही पाहिला असेल, घरोघरी पोरं खेळतात. सगळं जगच चौकोनी ठोकळ्यांचं. झाड चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. ठोकळा फोडायचा, खिशात घालायचा, दुसरीकडे लावायचा, आणि जिवंत राहायचं. मी म्हटलं, हिनं बापाला बिनगुडघ्यांची फरशी आणून दिली की!

त्यातही या बापलेकीचं जग जरा जास्तच गरिबीतलं. आभाळात तरंगणारं एक टीचभर बेट. एक झाड, थोडी माती, एक पेटी. पेटीत एक बादली लाव्हा आणि पाणी करायला थोडा बर्फ. बस. खाली नुसतं आभाळ, पडलात की संपलात. घर बांधायला दगड पाहिजे, तर दगड कुठला? तो उगवायचा! एका बाजूनं पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूनं लाव्हा. दोन्ही जिथे भेटतात तिथे चुर्रर्र होऊन दगडाचा एक ठोकळा तयार. तो फोडून घेतला की त्याच जागी दुसरा. तो घेतला की तिसरा. जन्मभर फोडा, संपत नाही. ठकूनं ते सगळं जुळवून दिलं होतं आणि बापाला सांगितलं होतं, "बाबा, मी नसताना तू दगड काढून ठेव. एवढं काम तुझं."

मला विचाराल तर एवढं एक वाक्य ऐकूनच तो दोन इंच उंच झाला. पोरीनं काम दिलं होतं त्याला.

दर शनिवारी दुपारी चार वाजता ती तिकडून, हा इकडून. बोलायचं तेही कॉम्प्युटरातूनच, घरभर ऐकू येईल अशा आवाजात. आणि काय सांगू, हात कामात गुंतले की दोघांच्या जिभा सुटायच्या. दगड रचता रचता ती सांगायची की तिच्या मुकादमाची स्वतःचीच कवळी बसत नाही, की खोलीतली मैत्रीण लग्न करून चाललीय, की एकटीला कधीकधी जेवावंसं वाटत नाही. हेच फोनवर "जेवले" होतं, बरं का. मी शनिवारी त्याच्याकडे जायची आणि मागे स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी हळू घासायची. ऐकू यायला नको का?

तर तो गुरुवार. भर दुपार, घरात एकटा. आमचे मास्तर बेटावर दगड काढत होते, आणि नजर गेली त्या पाण्याच्या शेजारी. तिथे जमिनीत एक खड्डा. एका ठोकळ्याचा, नीट चौकोनी. पाणी उगमातून निघायचं आणि त्या खड्ड्यात उतरायचं.

इतके महिने त्यानं तो खड्डा कसा सोसला, देव जाणे. त्या दिवशी नाही सोसला. एक ठोकळा घेतला, खड्ड्यात बसवला, सगळं सपाट. मला नंतर सांगत होता, "ताई, काय सुंदर दिसत होतं गं. गोटी सोडावी असं." दोन मिनिटं नुसता बघत बसला. मग दगड काढायला नेहमीसारखा मधला ठोकळा फोडला.

पाणी सरळ धावलं. त्याला अडवणारा, खाली उतरवणारा खड्डाच नव्हता ना! थेट लाव्हाच्या उगमावर जाऊन आदळलं. चुर्रर्र. आणि लाव्हाच्या जागी एक काळाकुट्ट ठोकळा. यांच्याकडच्या हत्यारांनी तो ना फुटतो, ना पुन्हा वितळतो. बेटावर लाव्हाची ती एकच बादली होती. म्हणजे दगड बंद. म्हणजे बेट मेलं.

पाच मिनिटांत माझ्या दारात. मी मागच्याच गल्लीत राहते. चेहरा असा, की मला वाटलं कुणी गेलं.

"ताई, मी ठकूचं बेट घालवलं."

"अरे, मग तिला सांग की!"

"वेडी आहेस का? एकतीस वर्षांत माझी एक फरशी कुणी परत काढली नाही. पोरीनं एक काम दिलं, त्यात ही अक्कल. तिला वाटेल बापाला हेही जमत नाही. तू बोलायचं नाहीस. शप्पथ घे."

मी शप्पथ घेतली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून त्यानं घ्यायला लावली, म्हणजे किती घाबरला असेल बघा.

आता गंमत अशी, की ते जग राहतं याच्या कॉम्प्युटरात. यानं दार उघडलं तरच तिला तिकडून आत येता येतं. म्हणून शनिवारी साहेब म्हणाले, कॉम्प्युटर बिघडलाय. पुढच्या शनिवारी म्हणाले, मान धरलीय. खोटं बोलायची सवय नाही माणसाला. "मान" म्हणताना कंबर चोळत होता. फोनवर कुणाला दिसतंय म्हणा. आणि मग पुन्हा तेच. जेवलीस? जेवले. बरं.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ठकूचा मला फोन.

"आत्या, खरं सांगशील? बाबाला कंटाळा आला का गं त्या खेळाचा?"

"छे गं, कंटाळा कसला!"

"मग टाळतोय का? मीच आपली त्याला दर आठवड्याला बसवत होते. त्याला 'नको' म्हणवत नसेल. आमच्याकडे शनिवारची दुपारपाळी कायमची देतायत. मी नाही म्हणाले होते, शनिवार माझा नाही म्हणून. आता वाटतं, घेऊन टाकावी. सोमवारी सांगायचंय."

मी जीभ चावली. अक्षरशः चावली, दोन दिवस दुखत होती. "सोमवारपर्यंत थांब," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत मी भावाच्या घरी. तो खुर्चीत, खाली बघत.

"किती आहेत?" मी विचारलं.

"काय?"

"सांधे."

"चव्वेचाळीस," म्हणाला.

"अरे गाढवा, तुझी पोर शनिवार देऊन टाकतेय. तिला वाटतंय तू कंटाळलास. तिच्यासमोर नाक कापलं जाईल म्हणून तू दार लावून बसलायस, आणि ती बाहेर उभी आहे, तिला वाटतंय आत आपण नको आहोत."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे मानेला मी कालपासून मलम लावतेय ते कशाचं?"

त्यावर तो उठला, गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, आणि कॉम्प्युटर लावला. लेकीला फोन केला. "ये आत," म्हणाला. बस, दोन शब्द. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. भावजयही. आता शप्पथ मी मोडली नव्हती, पण बघायची बंदी कुठे होती?

ठकूची चौकोनी बाहुली बेटावर आली. यानं आपली बाहुली काहीही न बोलता पाण्यापाशी नेऊन उभी केली. दोघे चौकोनी उभे. मग तिकडून आवाज आला.

"बाबा, इथला खड्डा कुठे गेला?"

"बुजवला."

"का?"

"जमिनीत खड्डा होता."

मला वाटलं आता रडते. आणि मग जे हसू फुटलं! इतकी हसली की खोकला लागला. "जमिनीत खड्डा होता म्हणे! आई गं! अरे, तो मी मुद्दाम ठेवलेला होता!"

"आता कळलं," हा म्हणाला. कान लालबुंद. "माफ कर बेटा. एक काम दिलं होतंस..."

"बाबा, या बेटाचं नाव काय आहे?"

"पाच नंबर."

"का पाच नंबर, कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. याला वाटलं, घराला नंबर असतो तसं.

"पहिल्या बेटावर मी बादली हातात घेऊन कडेवरून खाली पडले. दुसऱ्यावर लाव्हा झाडाशेजारी ओतला, झाड जळलं. तिसऱ्यावर अगदी हेच, तुझंच, काळा दगड. चौथ्यावर तर ते आठवूनही पुन्हा काळा दगड. तेव्हा मी खरंच रडले होते, कवळ्यांचं काम सोडून घरी यावंसं वाटत होतं तेव्हाची गोष्ट आहे. तुला नाही सांगितलं. तुला वाटलं असतं, हिला खेळसुद्धा जमत नाही."

आमच्या मास्तरांनी कुणाला दिसू नये अशा बेतानं नाक पुसलं. आम्ही दोघी मागेच होतो, हे विसरलेच.

"मग सहा नंबर?" त्यानं विचारलं.

"सहा नंबर. पण खड्डा तू खणायचा."

त्याच रविवारी नवीन बेट. मी स्वतः पाहिलं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हातानं जमिनीत खड्डा पाडला. चेहरा असा की कुणी त्याला स्वतःच्या मिशा काढायला लावल्यायत. पण खणला, आणि कडा तपासल्या, आणि "हं" म्हणाला. सोमवारी ठकूनं शनिवारची पाळी नाकारली.

आता पुढचं ऐका. परवा त्या बेटावर एक फिरता व्यापारी आला म्हणे, लांब मानेची दोन जनावरं घेऊन. त्याच्याकडून यांनी एक टोकदार दगड घेतला. तो छताला उलटा लटकवायचा, वर लाव्हा ठेवायचा, खाली हंडा. टोकावरून एकेक थेंब ठिबकतो आणि काही दिवसांनी हंडाभर लाव्हा तयार. वरचा आहे तसाच राहतो. म्हणजे पुन्हा कधी बादली गेली तरी बेट मरणार नाही. थोडक्यात काय, छत गळायला लावायचं! ठकू म्हणाली, "बाबा, गळती तूच बसव. तुझ्याएवढी कुणाला माहितीय?"

बुधवारी तो माझ्याकडे आला. माझ्या बाथरूमचं छत गेले दोन महिने वरच्या बिऱ्हाडामुळे ठिबकतंय. मीच मागे लागले होते, वर जाऊन त्यांचे सांधे बघ म्हणून. मला वाटलं आज मुहूर्त लागला. आत गेला, आणि बाहेरच येईना. डोकावले तर साहेब स्टुलावर बसलेले, ठिबक पडते तिथे खाली बादली, हातात घड्याळ.

"अरे, बघतोस काय? वर जा आणि बुजव ते!"

"थांब गं ताई. एका मिनिटाला किती पडतात ते बघू दे."

"कशाला?"

"ठकूला सांगायचंय," म्हणाला, नजर थेंबावरच. "शनिवारपर्यंत राहू दे ना गं. रविवारी बुजवतो."

राहू दिलं. काय करता? पाठची भावंडं अशीच असतात. दर दोन तासांनी मी बादली रिकामी करतेय, आणि तो फोन करून विचारतोय, भरली का.