नंबरअण्णा आणि पिळलेली चौकट

नंबरअण्णा कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिची अरुंद बाजू शोधत. ऑफिसात चहा आला की ट्रे फिरवून घेत आणि कप कडेच्या ओळीपासून उचलत. सतरंजी झटकायची असो की कागदांचा गठ्ठा लावायचा असो, आधी दोन्ही बाजू डोळ्यांनी मोजत, मग अरुंद बाजूला उभे राहत. हजेरीपटावर त्यांचं दुसरं नाव होतं. ते पगाराच्या दिवशीही कोणी वापरत नसे.

ऑफिस बेळगावच्या खडेबाजारात, एका कापड दुकानाच्या वर होतं. चिकोडीकडचे एक जैन गृहस्थ तिथे सल्लागार इंजिनिअर होते. त्यांना आम्ही साहेब म्हणत असू. अण्णा तिथे ट्रेसर होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईनं उतरवत. शिक्षण सातवी. मी पहिल्या वर्गात बी.ई. झालेलो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा मी रुजू झालो. आमच्यातला हा फरक मी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवला होता. अण्णांनी तो ठेवला नव्हता, आणि याचा मला राग होता.

त्या वर्षी साहेबांनी संगणकाचं काम घेतलं. नदीतून पाणी उचलण्यासाठी एक विहीर बांधायची होती आणि तिच्या उंच, बारीक भिंतीवर कुठे किती ताण येईल ते काढायचं होतं. पद्धत अशी: भिंतीचा छेद कागदावर काढायचा, त्यावर जाळं आखायचं, जाळ्याच्या प्रत्येक गाठीला नंबर द्यायचा. मग प्रत्येक चौकटीच्या चार कोपऱ्यांचे नंबर यादीत लिहायचे, ती यादी कार्डांवर पंच करून घ्यायची आणि कार्डांचा खोका घेऊन रेल्वेनं बंगळूर गाठायचं. संगणक तिथे होता. त्याला चित्र दिसत नसे, फक्त नंबर कळत. उत्तरही नंबरांनीच येई: अमक्या गाठीला इतका ताण.

पहिलं जाळं मी आखलं. रुंदीत सहा गाठी, उंचीत चाळीस. मी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक ते चाळीस असे नंबर दिले, मग शेजारच्या ओळीत एक्केचाळीसपासून पुढे. कागद देखणा दिसत होता. बंगळूरला संगणकानं तो घेतला नाही. त्याच्या स्मरणात एवढं मावत नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं आणि खोका परत दिला. मी दोन दिवसांचा प्रवास करून रिकाम्या हातानं आलो.

अण्णांनी माझा कागद फळ्यावर टाचला आणि थोडा वेळ पाहिला.

"इंजिनेर, उभं मोजलासा व्हय?"

"मग कसं मोजायचं?"

"आडवं. अरुंद बाजूनं. ही चौकट बघा. ह्या कोपऱ्यात एक, शेजारच्यात एक्केचाळीस. एका चौकटीतली चौघं आणि एवढी लांब लांब? चौघं हाकेच्या अंतरावर पाहिजेत की. न्हायतर बिचाऱ्या यंत्रानं किती लांबचं ध्यानात ठेवायचं?"

त्यांनी खोडरबर घेतलं आणि तळाशी डावीकडून उजवीकडे एक ते सहा लिहिलं, वरच्या ओळीत सात ते बारा. असं दोनशे चाळीसपर्यंत. आता कुठल्याही चौकटीतल्या दोन नंबरांत सातपेक्षा जास्त अंतर नव्हतं. साहेब मागे उभे होते. ते माझ्याकडे बघून हसले. "बी.ई. कुठून केलंस रे तू?" त्यांनी विचारलं. कुठून केलं ते त्यांना माहीत होतं. पुढच्या खेपेला संगणकानं ते जाळं बिनतक्रार घेतलं.

ही विद्या अण्णांनी निपाणीला, तंबाखूच्या वखारीत मिळवली होती. त्यांची आई तिथे मजूर होती आणि अण्णा बोदांवर, म्हणजे तंबाखूच्या मोठ्या पोत्यांवर, नंबर घालत. थप्पीत एक बोद आतून तापू लागला की शेजारचेही तापतात. ते ताबडतोब काढावे लागतात. "शेजारी कोण हे नंबरावरनं कळलं पाहिजे," अण्णा सांगत. "मालक म्हणायचा, दारापासनं आतपर्यंत सरळ घाल. मी आडवे घालायचो. चारदा शिव्या खाल्ल्या. मग एकदा तापला बोद, तवा त्याला कळलं." हे ऐकताना मी वहीत काही लिहीत असल्याचं दाखवत होतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

उत्तरं छापून आली की अण्णा चित्र काढायला बसत. आपला मूळ नकाशा ते मुद्दाम गुंडाळून ठेवत. छापून आलेल्या यादीतले नंबर बघूनच रेघा ओढत. "आपण काय सांगितलं ते आपल्याला ठाऊक हाय," ते म्हणत. "यंत्रानं काय समजून घेतलं ते बघायचं." मग प्रत्येक गाठीशी तिचा ताण लिहीत आणि सारख्या ताणाच्या जागा रंगीत शाईनं जोडत. ती वळणं पाहिली की भिंत कुठे दुखते आहे ते दिसे. येळ्ळूरचे एक ठेकेदार होते. ते जिना चढतानाच विचारत, "अण्णा हाईत न्हवं? मला त्यांचं चित्र दावा. आकडे तुमचं तुम्ही ठेवा." आकडे काढणारा मी समोरच बसलेलो असे.

मी त्यांच्या चुका शोधू लागलो. ते जेवायला गेले की त्यांचे कागद उघडून नंबर तपासत असे. आठ महिन्यांत एकही चूक मिळाली नाही.

पुढे साहेबांनी जाहीर केलं की बंगळूरच्या संस्थेत सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी ऑफिसातून एकाला पाठवायचं आहे. परत येणारा माणूस संगणकाचा विभाग सांभाळील. मी बॅग भरण्याच्या विचारात होतो. साहेब म्हणाले, "मला वाटतं अण्णांना पाठवावं. तिथे डिग्री विचारत नाहीत."

अण्णा शाईचं पेन पुसत होते. "मला इंग्रजी कुठं येतंय साहेब?" ते म्हणाले. पण त्या दिवसापासून ते डब्याशेजारी इंग्रजी वर्तमानपत्र ठेवू लागले. ओळीखाली बोट धरून वाचत. एखादा शब्द अडला की मला विचारत, आणि मी सांगत असे, थोडा उशीर करून.

त्याच सुमारास त्या भिंतीची जाडी बदलली आणि सगळं पुन्हा करावं लागलं. नंबर अण्णांनी दिले. चौकटींची यादी एरवी तेच लिहीत; या वेळी मी मागून घेतली. कामात आपला हात दिसावा, एवढाच हेतू होता. पंधरा दिवसांनी उत्तरं आली. साहेब आणि येळ्ळूरचे ठेकेदार टेबलापाशी बसून होते, अण्णा यादीवरून रेघा ओढत होते. मध्येच त्यांचा हात थांबला.

"साहेब, ही चौकट पिळलीया."

कागदावर चौकटीऐवजी टोकाला टोक लागलेले दोन त्रिकोण उमटले होते. कोपऱ्यांचे नंबर चौकटीभोवती एका दिशेनं फिरत लिहायचे असतात: सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. यादीत शेवटचे दोन उलटे पडले होते. त्या जागेभोवतीचे सगळे ताण चुकले होते.

"आता हो?" ठेकेदार म्हणाले. "पुन्हा बंगळूर?"

साहेबांचा चेहरा उतरला. "हे नंबर कोणाचे?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. माझ्या अक्षरातली यादी त्यांच्याच खणात होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी खिडकीतून खाली बघत राहिलो. खाली एक माणूस सायकलवर कापडाचा तागा बांधत होता.

"नंबर माझे हाईत साहेब," अण्णा म्हणाले. "दुरुस्त करून देतो."

ते खोटं नव्हतं. नंबर त्यांचेच होते. महिनाभरानं शिक्षणासाठी बंगळूरला मी गेलो.

स्टेशनवर अण्णा पोचवायला आले होते. कार्डांचा खोका त्यांनीच उचलून डब्यात ठेवला. गाडी हलण्याआधी खिडकीशी येऊन म्हणाले, "इंजिनेर, चौकटीभोवती फिरताना घाई करू नगासा. चौथ्या कोपऱ्यावरनं पहिल्यावर सरळ येता आलं पाहिजे. मधनं आडवं न्हाय जायचं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी बंगळूरपर्यंत तपासत होतो. मला तो सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

बंगळूरला माझं जमलं नाही. सहा महिन्यांनी परतलो, वर्षभरात ऑफिस सोडलं आणि बेळगावातल्या एका वर्तमानपत्रात लागलो. तिथे लिहिणाऱ्याचं नाव प्रत्येक बातमीवर येत नाही. हे मला मानवलं. अण्णा ट्रेसरच राहिले. संगणकाचा विभाग निघालाच नाही.

काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी निपाणीला त्यांच्या घरी गेलो. विहारामागच्या गल्लीत दोन खोल्या, भिंतीला टेकून उभी ड्रॉइंगची पाटी. त्यांची मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं चहा दिला आणि एक गुंडाळी आणली. आत त्या भिंतीचा मूळ नकाशा होता आणि त्यात घडी घातलेली एक यादी. सत्त्याऐंशीच्या ओळीभोवती लाल पेन्सिलीचा गोल.

"नकाशा आमच्या आप्पांचा हाय," ती म्हणाली. "ही यादी कुणाची ते त्यांनी सांगितलं न्हाय. लई विचारलं मी. ज्याची हाय त्यो आला तर दे, एवढंच म्हणालते. तुम्ही त्या ऑफिसात होता न्हवं? अक्षर ओळखता का?"

मी आधी नकाशा हातात घेतला. एक ते दोनशे चाळीस, सगळे नंबर तपासले. रांगेनं, अरुंद बाजूनं. एखादा तरी चुकलेला निघावा असं मला त्या वेळीही वाटत होतं. चहा गार झाला. मुलगी समोर बसून होती.

एकही नंबर चुकलेला नव्हता.

"माझी आहे," मी म्हणालो, आणि यादीसाठी हात पुढे केला.