चपलेचं माप

लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला माहेरहून आणलं, तेव्हा ती वाटेत हरवली. फाट्यावर एसटीतून उतरलं की आमच्या गावापर्यंत पायवाट होती. मी पुढं आणि ती मागं, ही तेव्हाची रीत. नवऱ्यानं वळून पाहिलं तर रानातली माणसं आठवडाभर चेष्टा करायची, म्हणून मी नाकासमोर चाललो होतो. आपल्यामागून आपलं माणूस येतंय या विचारानं मनातल्या मनात फुलूनही गेलो होतो. गावाजवळच्या विहिरीपाशी न राहवून मागं पाहिलं, तर वाटेवर कुणीच नव्हतं.

तसाच पळत मागं गेलो. ती एका बाभळीखाली बसून, पाय मांडीवर घेऊन काटा काढत होती.

"हाक मारायची न्हाईस व्हय?" मी विचारलं.

"काय म्हणून मारू?" ती म्हणाली.

तिचं खरंच होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि नुसतं "आवं" म्हणून ओरडली असती तर रानातले सगळेच बाप्ये वळले असते.

ती मेढ्याकडची, डोंगरातली. तिकडं लाल माती आणि गवत. आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला, सगळा कोरडा माळ, बाभळीचे काटे आणि सराटे. त्या दिवसापासून तिच्या पायांनी माझं डोकं खाल्लं. मी सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात कारकून होतो, शनिवारी संध्याकाळी गावी यायचो. आलो की दारातून आधी तिच्या पायांकडं बघायचो. एखादा पाय ती जपून टेकवत असली की मला जेवण गोड लागायचं नाही.

तिला काहीतरी द्यायचं होतं, फक्त तिला. आमच्या घरात ही गोष्ट बोलायला सोपी आणि करायला अवघड. थोरला भाऊ पलटणीत. सुट्टीवर येताना त्यानं वहिनीसाठी लुगडं आणलं होतं. रीतीप्रमाणे ते आईच्या हातात दिलं, आईनं रीतीप्रमाणे माहेरी आलेल्या माझ्या बहिणीला दिलं, आणि वहिनीनं रीतीप्रमाणे त्याची घडी घालून दिली. पावडरचा डबा आणला तर सगळ्या घराचं तोंड पांढरं होणार. गजरा एसटीतच माना टाकणार. विचार करता करता मला चपला सुचल्या आणि मी स्वतःवरच खूश झालो. चप्पल ज्याच्या पायाची त्यालाच बसते, ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

पण खुशी टिकली नाही. आमच्या घरात एकाही बाईच्या पायात वहाण नव्हती. आई जन्मभर अनवाणी. सासू अनवाणी असताना कालची सून चपला घालून हिंडणार? गाव काय म्हणेल, आई काय म्हणेल, आणि मुख्य म्हणजे ती स्वतः काय म्हणेल? मला तिच्याबद्दल माहीत तरी काय होतं? कदाचित तिला आरसा हवा असेल. कदाचित तिला काहीच नको असेल, फक्त मेढ्याला परत जायचं असेल. या शेवटच्या विचाराची मला फार भीती वाटायची.

सांगलीत एक म्हातारे गृहस्थ हातानं चपला बनवत. त्यांच्याकडं जाऊन मी आधी पट्ट्यांची चौकशी केली, मग कातड्याची, मग हवापाण्याची. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांच्या लक्षात आलं असावं. "बायकोची हाय न्हवं? मग माप आणा," ते म्हणाले. "टाचेपासून दोरा धरायचा, अंगठ्याला एक गाठ. तिथनं पुढं चवड्याची रुंदी, दुसरी गाठ."

आता दिवसाउजेडी घरात बायकोचा पाय हातात कसा धरायचा? पण देव धावून आला. रविवारी सकाळी तिनं अंगण सारवलं होतं. मी उठून पाहतो तर ओल्या सारवणावर मागल्या दाराकडं जाणारी पावलं, अगदी स्पष्ट. मी आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यातून हाताला लागला तो दोरा घेतला, उकिडवा बसून माप घेतलं, दोन गाठी मारल्या आणि कागदाच्या पुडीत घालून शर्टाच्या खिशात ठेवला. शर्ट खुंटीला अडकवून दाढी करायला पारावर गेलो.

परत आलो तर घर चिडीचूप. वडील ओट्यावर, आई उंबऱ्यात, शेजारची चुलती कंबरेवर हात ठेवून उभी आणि बायको भिंतीला टेकलेली, हातात माझा धुवायला काढलेला शर्ट. आईपुढं ती पुडी उघडी पडली होती.

तेव्हा मला दिसलं की दोरा काळा होता. माझे खिसे म्हणजे हळदीचं कोठारच, त्यामुळं कागद आणि दोरा दोन्ही पिवळे झाले होते. काळा दोरा, त्याला गाठी आणि वर हळद. आमच्याकडं याचा अर्थ पोरालाही कळतो. कुणीतरी करणी केली होती.

"कुणी दिलं रं हे तुला?" आईनं विचारलं.

चुलतीनं माझी वाट पाहिली नाही. "दील कोण? डोंगराकडच्या माणसांत असलं लय चालतं म्हनं. नवरा मुठीत ठेवायला करत्यात."

"मी न्हाई केलं काय," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं. ती घाबरली होती. तिला सुख द्यायला निघालेला मी, आणि माझ्यामुळं तिच्यावर हे बालंट आलं होतं.

"ते माप हाय," मी म्हणालो. "मीच घेतलंय. चपलेचं."

"कुणाच्या चपलेचं?" वडिलांनी विचारलं.

वडिलांसमोर बायकोचा उल्लेख मी तोवर कधी केला नव्हता. तिला काय म्हणावं, हिचं, तिचं की सुनेचं, हे ठरवण्यात माझा एक श्वास गेला. तेवढ्यात आईनं पाय पुढं पसरला आणि दोरा स्वतःच्या तळव्याला लावून पाहिला. टाच टाचेला लागली, गाठ अंगठ्याला. चवडाही बरोबर.

"माझंच की," आई म्हणाली.

सकाळी तुळशीला पाणी घालायला आई त्या सारवणावरून गेली होती. मी आईची पावलं मोजली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"मला कशाला रं चपला या वयात?" असं म्हणत आईनं पदर डोळ्यांना लावला. वडील खाकरले. चुलतीनं तर टोपी फिरवावी तसं बोलणं फिरवलं, "पोरगा असावा तर असा." आईच्या डोळ्यांत पाणी असताना, ते माप तुझं नव्हे असं म्हणायला जीभ रेटेना. बायको शर्ट घेऊन धुवायला निघून गेली.

तो दिवस वाईट गेला. तिला काय वाटलं असेल, याचा काही अंदाज लागेना. आपल्यासाठी होतं हे तिला कळलं असेल, तर हातचं गेलं म्हणून वाईट वाटलं असेल. कळलं नसेल तर ते त्याहून वाईट. सोमवारी पहाटे तिनं मला वाळलेला शर्ट दिला, खाली मान घालून. आईनं काळा दोरा आठवणीनं माझ्या हातात ठेवला. एसटीत मी खिडकीशी बसून सांगलीपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या.

दुकान सुटल्यावर चपला बनवणाऱ्या म्हाताऱ्यांकडं गेलो आणि माप काढायला खिशात हात घातला. दोन दोरे हाताला आले. एक काळा. दुसरा हिरवा, तिच्या चोळीच्या शिवणीचा. त्यालाही दोन गाठी, काळ्यापेक्षा चांगल्या बोटभर अलीकडं.

तिला सगळं कळलं होतं. आणि ती रुसली नव्हती, तिला चपला हव्या होत्या. माझ्याकडून हव्या होत्या. मी तिथंच फळीवर बसलो.

"दोन जोड व्हय?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "करकर वाजणारी करू?"

"नको, नको," मी घाईनं म्हणालो. "अजिबात वाजायला नको."

"नवं कातडं थोडं बोलणारच," ते म्हणाले.

चपला तयार झाल्या तशा मी पिशवी आईपुढं ठेवली. तिनं मोठा जोड काढला, मग लहान काढला, मग माझ्याकडं पाहिलं.

"आणि ही कुणाची?"

"चुकून झालीय," मी म्हणालो. "माप चुकलं."

आईनं सुनेला हाक मारली. "ये गं, घालून बघ." तिनं घातली. दोरा धरून कापल्यासारखी बसली. आई बराच वेळ त्या पायांकडं बघत राहिली.

"चूक लय झ्याक केलीय," ती म्हणाली, आणि स्वतःच्या चपला घालून अंगणात निघाली. "चल. मी घातल्यावर तुला कोण काय म्हणतंय बघू."

पुढं सणाला मी बायकोला मेढ्याला पोचवायला निघालो. तीच पायवाट, मी पुढं आणि ती मागं. दोन्ही बाजूंच्या रानात माणसं होती, त्यामुळं वळून बघायची सोय नव्हती. पण मागून चपलांचा आवाज येत होता, बारीक आणि सारखा. मी हळू झालो की तो हळू व्हायचा. फाट्यापर्यंत मी एकदाही मागं पाहिलं नाही.