सकाळची होडी की दुपारची

मी तिसरी शिकलेला माणूस. सही करतो, पण बँकेतली मुलगी दरवेळी जुन्या कागदाशी लावून बघते. मात्र पाण्याचं गणित मला कोणी शिकवायला येऊ नये. चाळीस वर्षं मी तांडेल होतो. होडी माझ्या शब्दावर निघायची आणि माझ्या शब्दावर परत यायची.

गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती, आणि सहा तास मागे गेलं की नऊला ओहोटी. आम्ही ख्रिस्ती कोळी, पण आमच्या घरात येशूच्या तसबिरीशेजारी तिथीचं कॅलेंडर असतंच. त्याशिवाय होडी कशी काढणार?

लग्न झाल्यापासून बायको मला रोज सकाळी विचारायची, "आज पानी किती वाजता?" टोपल्या घेऊन बंदरावर केव्हा यायचं ते त्यावर ठरायचं. बारा वर्षांपूर्वी तिनं ते विचारायचं बंद केलं.

आमचा मुलगा माझ्याच होडीवर होता. संध्याकाळी परत येताना खाडीच्या तोंडाशी होडी वाळूत बसली, मागून लाट आली आणि होडी कलंडली. बाकी सगळे वर आले. तो दुसऱ्या दिवशी मिळाला. मी सगळ्यांना एकच सांगितलं. पाणी होतं, लाट वाईट होती. कोणी उलट विचारलं नाही. तांडेलाला कोण विचारणार? बायकोनंही नाही. ती होडीत मात्र परत बसली नाही. तिची बहीण अर्नाळ्याच्या किल्ल्यावर राहते, होडीनं दहा मिनिटं लागतात. त्या बहिणीच्या मुलीच्या लग्नालाही ही गेली नाही. आहेर माझ्या हातानं पाठवला.

मला त्यानंतर फारसं काही वाटेनासं झालं. होडी विकली तेव्हाही काही वाटलं नाही. जेवण जातं, झोप लागते. लोक म्हणतात, म्हातारा खंबीर आहे. मी तसंच म्हणू दिलं.

मुलगी परदेशात नर्स आहे. गेल्या वर्षी ती सुट्टीवर आली आणि म्हणाली, आपण तिघं युरोपातल्या समुद्रात मोठ्या जहाजावर आठ दिवस फिरायला जायचं. मी नाही म्हटलं. जन्मभर समुद्रावर होतो, आता पैसे भरून समुद्रावर जायचं? पण तिनं आधीच भरून टाकले होते.

मग एका रविवारी मिस्सा आटपून आल्यावर ती मोबाईल घेऊन बसली. जहाज रोज एका बंदराला लागतं आणि तिथं उतरून काय बघायचं ते घरूनच ठरवावं लागतं. चांगल्या सहली आधी भरतात. आमची सहल म्हणजे चिंचोटीचा धबधबा, टेम्पोत बसा, भिजा आणि घरी या. इथं एकेका बंदराला वीस-वीस सहली. प्रत्येकीपुढे माणसांची चित्रं. एक माणूस म्हणजे थोडं चालायचं, तीन माणसं म्हणजे भरपूर.

"तीनवाली घे," मी म्हटलं.

"आनि गुडघा काय घरी ठेवून येनार?" बायको मासे साफ करता करता म्हणाली.

"पप्पा, ही बघा, आरामाची आहे," मुलगी म्हणाली. "बसमधून पूर्ण शहर दाखवतात. उतरायचंच नाही."

"बसमधनं उतरायचं नाय तर जहाजातनं कशाला उतरायचं? ती म्हातार्‍या मानसांना दे."

"तुमी काय पाळण्यात हाव?" बायको.

मुलगी हसली. मीही हसलो असेन.

अशा एकेक सहली ठरत गेल्या. रोमला मोठं देवालय, तिथं काही विचारायचं नव्हतं. एका ठिकाणी पिझ्झा करायला शिकवतात म्हणे, ते बायकोनं उडवून लावलं. "माझ्या हातची भाकर खायला तेच येतील." मग एक बेट आलं. तिथं धक्का लहान आहे, जहाज बाहेरच नांगर टाकतं आणि छोट्या होड्यांनी माणसं किनाऱ्याला नेतात. हे ऐकून मुलगी घाईनं पुढे जायला लागली.

"थांब," बायको म्हणाली. "तिथं काय हाय?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग वाचून सांगितलं. टेकडीवर एक जुनं चर्च आहे. समुद्रातून वाचलेल्या दर्यावर्दींनी तिथं लाकडाच्या लहान लहान होड्या आणून छताला टांगल्या आहेत. भिंतीवर चित्रं आहेत, वादळाची आणि बुडणाऱ्या गलबतांची. शेकडो.

बायकोचा सुरीवरचा हात थांबला. "आनि जे वाचले नाय त्यांचं?"

"त्यांच्यासाठी मेणबत्ती लावतात, असं लिहिलंय."

"मग ते घे. मी बसेन होडीत."

बारा वर्षांत मी तिला होडीत बस म्हटलं नव्हतं. आणि ती मोबाईलवरच्या दोन ओळी ऐकून बसायला तयार झाली. मुलगीच पहिली सावरली. "दोन वेळा आहेत, मम्मी. सकाळी नऊ आणि दुपारी दोन. कुठली घेऊ?"

बायकोनं मासा पालथा केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पान्याचं यांना विचार."

मी उठलो, कॅलेंडरचं पान उलटलं आणि तारीख शोधली. चतुर्थी होती. बोटावर मोजायचीही गरज नव्हती. "नवाला पूर्ण सुकी. होडी धक्क्याला लागनार नाय, चिखलात उतरायला लागेल. तीनला भरती. दोनची घे, चढतं पानी असेल."

"पप्पा, त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच."

"समुद्र हाय का बावडी?"

"खरंच नसते. शाळेत शिकवलंय आम्हाला."

"मला शाळेतलं सांगू नको. चंद्र तिथं नाय काय?"

तिनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "ते सांगतात ना. दुपारचं कर."

मुलीनं बोट टेकवलं. झालं. त्या क्षणी मला काय वाटलं ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे. बरं वाटायला हवं होतं. बारा वर्षांनी हिनं मला पाण्याचं विचारलं होतं. पण मला एवढंच आठवतं की कॅलेंडरच्या खिळ्याला गंज चढला होता.

जहाजाबद्दल मी जास्त सांगत नाही. आमच्या पापडी गावचा अख्खा बाजार आत मावेल एवढं मोठं. सकाळी जहाजातल्याच थिएटरात जमायचं, शर्टावर बसच्या नंबरची चिकटपट्टी लावायची आणि काठीला पाटी बांधलेल्या बाईच्या मागे चालायचं. आमच्या कळंबला मुंबईची माणसं येतात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात, मी त्यांना हसायचो. आता मीच पाण्याकडे पाठ करून उभा, आणि मुलगी म्हणते, पप्पा, हसा.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी सातला जहाज धक्क्याला लागलं तेव्हा मी कठड्याशी उभा होतो. सवयच आहे, बंदर दिसलं की मी आधी भिंत बघतो. धक्क्याच्या भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ होती आणि पाणी तिच्या खाली हातभर. मी मनात नोंद केली. त्या दिवशी बसमधून चार तास फिरलो, काय बघितलं ते विसरलो. संध्याकाळी पाचला परत आलो आणि सरळ कठड्याशी गेलो. हिरवी रेघ तिथंच. पाणी हातभर खाली. दोन बोटांचा फरक असेल तर असेल.

मी उभा राहिलो. सहाला बघितलं, साडेसहाला बघितलं. पाणी हललं नाही.

मुलगी बरोबर होती. मला तेव्हाच कळलं. बेट दोन दिवसांवर होतं. त्याच संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "पप्पा, त्या बेटाच्या सकाळच्या सहलीत अजून जागा दिसतायत. बदलायची का? दुपारी वारा सुटतो म्हणतात."

बायको सूप ढवळत होती. ढवळायचं थांबली.

मी म्हटलं, "एकदा सांगितलं ना."

दोन शब्द बोलायचे होते. सकाळचं कर. तेवढेच. पण ते बोललो असतो तर पाण्याच्या बाबतीत मी चुकतो असं झालं असतं. आणि एकदा ते झालं की माणूस मागे जाऊन मोजायला लागतो. मी सूप प्यायलो. ते गरम होतं की गार ते आठवत नाही.

बेटाच्या दिवशी सकाळी समुद्र तेलासारखा होता. नऊला जहाजाच्या छोट्या होड्या सुटल्या. आम्ही वरून बघत होतो. होडी गेली ती सरळ धक्क्याला लागली. म्हाताऱ्या गोऱ्या बायका काठी टेकत उतरल्या, पायाला चिखल नाही की काही नाही. टेकडीवरचं चर्च पांढरं दिसत होतं. बायको माझ्या शेजारी होती. तिनं वसईहून आणलेली मेणबत्ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली होती. डोक्यावर घ्यायचा रुमालही घडी करून ठेवला होता. ती बराच वेळ बघत होती. धक्क्याकडे बघत होती, चर्चकडे नाही. मग म्हणाली, "नवाला पन पानी होतं."



बाराच्या सुमाराला वारा उठला. एकला पाण्यावर पांढरं दिसायला लागलं. आमच्या इथं असल्या वाऱ्याला आम्ही वारा म्हणत नाही, पण त्या होड्या माणसं नेण्याच्या होत्या. दीडला आम्ही थिएटरात बसलो होतो. छातीवर चिकटपट्टी, नंबर सात. मग लाउडस्पीकरवर बाई बोलली. मला इंग्रजी कळत नाही, पण लोक उठायला लागले तेव्हा कळलं. मुलीनं सांगितलं, "दुपारच्या सगळ्या सहली रद्द. किनाऱ्यावर आहेत त्यांना तेवढं परत आणतायत." मग ती आईचा हात धरून म्हणाली, "मी चौकशी करून येते." चौकशी करण्यासारखं काही नव्हतं. तिला आमच्यासमोर बसवत नसावं.

थिएटर रिकामं झालं. लाल खुर्च्यांची रांगच्या रांग, आणि आम्ही दोघं. बायकोनं पिशवी मांडीवर घेतली होती, दोन्ही हात त्यावर. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. चर्चमध्ये फादर यायच्या आधी बसते तशी बसली होती.

मी म्हटलं, "मला परवाच कळलं होतं. भिंत बघितली मी. पानी हलत नाय इकडे."

"हं."

"बदलता आलं असतं."

"हं."

खुर्चीच्या हातावर कोणाचा तरी रिकामा पेला होता. मी तो उचलला, परत ठेवला. मग माझ्या तोंडून निघालं. मी ठरवलं नव्हतं.

"त्या दिवशी पानी नव्हतं."

तिनं मान वळवली नाही.

"द्वितीया होती," मी म्हटलं. "दीडला भरती. आम्ही तोंडाशी आलो तेव्हा साडेपाच. दोन होड्या बाहेर नांगर टाकून थांबलेल्या. मी म्हटलं, मी नाय थांबनार. तो पुढे काठी घेऊन उभा होता. काठी टाकून पानी मोजलं आनि ओरडला, पप्पा, पानी नाय. मी म्हटलं, हाय, चल."

एवढं बोललो. आवाज माझाच होता, पण लाउडस्पीकरवरच्या बाईसारखा, लांबून आलेला. मला वाटलं होतं, हे कधी बोललो तर छातीत काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. खुर्च्या लालच होत्या.

"म्हाईत हाय मला," बायको म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"तो पानी नाय म्हनाला ते. तुमच्या खलाशानं सांगितलं. त्याच्या महिन्याच्या मिस्सेला."

बारा वर्षं. रोज ताट वाढलं, गुडघ्याला तेल लावलं. बहिणीकडे द्यायचा आहेर माझ्या हातात दिला.

"मग बोलली का नाय?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मग थांबायची सवय झाली."

तिनं हात लांब करून माझ्या शर्टावरची सात नंबरची चिकटपट्टी काढली. कपड्यावर डाग राहू नये म्हणून सावकाश, एका कडेनं. स्वतःचीही काढली. दोन्ही एकमेकींना चिकटवल्या आणि पिशवीत मेणबत्तीशेजारी टाकल्या. जहाजावर मेणबत्ती पेटवू देत नाहीत, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मुलगी परत आली. डोळे धुऊन आली होती. समोर बसली आणि मोबाईल उघडला, काहीतरी करायचं म्हणून. "उद्याचं बंदर मोठं आहे, मम्मी. जहाज धक्क्यालाच लागतं. आपण ठरवलेली चालायची आहे, पण बदलता येईल." मग सवयीनं माझ्याकडे वळली. "पप्पा?"

मी तो रिकामा पेला परत उचलला.

"यांना विचारू नको," बायको म्हणाली. "मी सांगते. ती बसवाली घे, उतरायचं नाय ती. तिघांची."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी पेल्याकडे बघत होतो. मग तिनं बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसमध्ये बसलो. बायको खिडकीशी, मी शेजारी, मुलगी मागे. काचेतून शहर गेलं, पुतळे गेले, झाडं गेली, मधेच एकदा समुद्र गेला. बस किती वाजता सुटणार आणि किती वाजता परत येणार, ते मी विचारलं नाही. बायकोनं सांगितलं तेव्हा चढलो, आणि ती उठली तेव्हा उठलो.