बारा सेकंदांवर दिलेलं मत

मला मतं फार. कोणी विचारलेलं नसतं, तरी मी देते. दिवसभर वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत पाण्याचे आणि कोळशाचे नमुने तपासायचे, संध्याकाळी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये येऊन भाजी फोडणीला टाकायची आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ब्लॉग लिहायचा, असं सहा-सात वर्षं चाललं आहे. आठवड्याच्या बातम्या, नवा सिनेमा, पैसे पोस्टात ठेवावेत की म्युच्युअल फंडात, कुठला फोन घ्यावा, सगळ्यावर लिहिते. नवरा म्हणतो, "ज्यावर तुझं मत नाही असा एक विषय सांग, मी पेढे वाटतो." वाचणारे म्हणजे कॉलनीतले काही जण, शाळेतल्या मैत्रिणी आणि गोंडपिपरीकडचे नातेवाईक. एखाद्याने "छान लिहिलं" म्हटलं की माझा दिवस बरा जायचा.

त्या उन्हाळ्यात एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. जेमतेम बारा सेकंदांचा. जंगलातला मातीचा रस्ता, थांबलेली सफारीची उघडी जिप्सी आणि जिप्सीच्या बाहेर, खाली उभी असलेली एक गाईड बाई. ती वाकते, उठते, तिच्या हातात मोबाइल असतो. मागे झुडपातून वाघ रस्ता ओलांडतो. वर कोणीतरी लिहिलेलं होतं, 'रीलसाठी गाईडच उतरली वाघापुढे!'

जंगलात गाडीतून उतरायचं नसतं आणि मोबाइलही काढायचा नसतो, हे आमच्या भागात लहान पोरांनाही ठाऊक आहे. मला चांगलाच राग आला. मी त्याच संध्याकाळी लिहिलं. मोबाइलने माणसाची अक्कल कशी खाल्ली, पर्यटकांना नियम शिकवणारेच कसे रीलच्या मागे लागले, असं बरंच. शेवटी टोमणाही मारला की वाघाने पोझ दिली नाही म्हणून बाईचा हिरमोड झाला असेल.

माझं आजवरचं कुठलंच लिखाण इतकं वाचलं गेलं नव्हतं. ओळख नसलेले लोक ते पुढे पाठवत होते. कंपनीच्या बसमध्ये एका साहेबांनी मान वळवून सांगितलं, "मस्त धुतलंत तुम्ही तिला." मी खूश झाले. खोटं कशाला सांगू?

दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. माझ्याहून वयाने मोठ्या, कामापुरतं बोलणाऱ्या.

"मॅडम, तुमी त्या वाघाच्या गाईडवर लिहिलं ना? माह्या भाच्यानं वाचून दाखवलं."

"हो का? कसं वाटलं?" मी विचारलं. हा प्रश्न आठवला की अजून कान तापतात.

"ते माही चुलतबहीण होय," त्या म्हणाल्या. "मोहर्लीले राह्यते, जंगलाच्या गेटपाशी. तो फोन तिचा नाई, मॅडम."

"मग कोणाचा?"

"गाडीतल्या पाव्हण्याचा. त्याच्या हातून खाली पडला, अन् तो उतरला घ्याले. तिकडं चितळ वरडून राह्यले होते, म्हंजे वाघ जवळच. हे खाली उतरली, त्याले ढकलत गाडीत बसवलं, अन् फोन उचलला. मांगच्या गाडीतल्यानं नेमकं तेवढंच काढलं."

"आता कशी आहे ती?"

"घरीच आहे. गेटवर गेली की लोक हासतात, 'रीलवाली' म्हणतात. म्हून जाणंच सोडलं."

त्या परत बेसिनकडे गेल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. पाण्याचा एक आकडा नोंदवण्याआधी मी तीच चाचणी दोनदा करते. आणि एका चालत्याबोलत्या बाईबद्दल लिहिताना मी एक फोनही केला नव्हता. मोहर्ली माझ्या घरापासून स्कूटीने जाता येईल इतकी जवळ.

जेवणाच्या सुट्टीत मी तो लेख काढून टाकला. रविवारी बाईंना स्कूटीवर मागे बसवलं आणि मोहर्लीला गेलो.

अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि बाईंची चुलतबहीण ओणवी होऊन ती पसरत होती. तिशीची असावी. व्हिडिओत दिसली त्यापेक्षा बारीक. बाईंनी माझी ओळख करून दिली तेव्हा तिने हात पदराला पुसले, आत जाऊन पाणी आणलं आणि मग विचारलं, "तुमीच का त्या?"

"मीच. माझं चुकलं. मी ते काढून टाकलं आहे."

"काढून काय होते, मॅडम? ज्यायनं वाचलं त्यायच्या डोक्यातून निघते का?"

ती समोर बसली आणि हळूहळू सांगायला लागली. गाईड व्हायचं ठरवलं तेव्हा सासू चार दिवस बोलली नव्हती. पक्ष्यांची इंग्रजी नावं तिने चुलीपाशी बसून पाठ केली. पुढे तीच सासू गावभर सांगत फिरायची की माही सून साहेबलोकायले जंगल शिकवते. "इतक्या वर्सात मी एकदाही गाडीतून पाय खाली नाई ठेवला," ती म्हणाली. "त्या दिवशी ठेवला. नाई तर तो माणूस गेला असता. तुमी हे लिहा."

मी तिथेच मोबाइलवर लिहायला बसले. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिने थांबवलं.

"'शूर' काढा. मी भेलीच होती. हात थरथरत होते म्हून फोन दोनदा सुटला. ते लिहा."

मी शूर काढलं आणि हात थरथरत होते असं लिहिलं. माझी चूकही स्पष्ट लिहिली.

हे दुसरं लिखाण फारसं कोणी वाचलं नाही. ज्यांनी पहिलं पुढे पाठवलं होतं त्यांनी हे पाठवलं नाही. बसमधले साहेब म्हणाले, "जाऊ द्या ना, जुनं झालं आता." मी मोहर्लीला फोन करून तिला हे जसंच्या तसं सांगितलं.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मी पुढच्या रविवारी जाऊन पाहीन म्हणते. तुमी येता का? पह्यल्या दिवशी गाडीत एक तरी वळखीचं माणूस पायजे."

मी गेले. सकाळच्या फेरीला तिच्या गाडीत माझ्याशिवाय एक जोडपं आणि त्यांचे दोन मित्र होते. गेट ओलांडून थोडं आत गेलो असू, तोच त्यातला एक मित्र पुढे वाकला. "अहो, तुम्ही त्या व्हिडिओतल्या ना? आज आमच्यासोबत रील काढा की!"

सगळे हसले. ती पुढेच बघत राहिली, पण तिची मान ताठ झालेली मला मागून दिसली.

"तो फोन यांचा नव्हता," मी म्हणाले. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मग मी सगळं सांगितलं. पाव्हणा, चितळांचं ओरडणं, अर्धवट काढलेला व्हिडिओ. "आणि यांनी रील काढली असं लिहिणारी मी. काही न विचारता लिहिलं. खोटं लिहिलं."

ड्रायव्हरने गाडी हळू केली. मग त्या जोडप्यातल्या बायकोने तिला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती वळून म्हणाली आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसली. लगेच तिने हात वर केला. वाळलेल्या सागावर सर्पगरुड बसला होता. त्याचा तुरा कसा ओळखायचा, तो काय खातो, हे ती सांगत गेली आणि सगळे माना वर करून ऐकत राहिले. त्या सकाळी वाघ दिसला नाही. उतरताना तो मित्र तिच्यापाशी थांबून "सॉरी हं ताई," म्हणाला. तिने नुसती मान हलवली.

तेव्हापासून ती नेमाने कामावर जाते. अजूनही अधूनमधून कोणीतरी तो व्हिडिओ काढून विचारतं. आता ती स्वतःच सांगते, न चिडता.

मतं मी अजूनही देते. पण बातमीत एखादं माणूस असलं की आधी त्याच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करते. नाही पोचले तर लिहीत नाही, त्यामुळे बरंचसं अर्धवटच पडून राहतं. शेअर बाजार आणि फोन यांच्यावर मात्र बिनधास्त लिहिते.

ती आता मला मॅडम म्हणत नाही, ताई म्हणते. मध्यंतरी मी जंगलावरच्या एका सिनेमाचं भरभरून कौतुक केलं, तर दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला.

"ताई, काय पाह्यलं तुमी त्यात? वाघ निंघून गेल्यावर माकड वरडते. आधी वरडाले पायजे ना! अन् भर चिखलातून चालून ते हिरोईन आली, तर तिचे बूट इतके साफ काऊन?"